फ्रेम रिलेवर पीव्हीसी कसं उभं करायचं: नव्या लोकांसाठी, पायरीपायरीने

फ्रेम रिले म्हणजे प्रोव्हायडरच्या स्विचमधून लांबलांबची ऑफिसं जोडायची जुनी पद्धत, आणि पीव्हीसी म्हणजे त्यात दोन ऑफिसांमधे कायमचं आखून दिलेलं सर्किट. हे आता कोण वापरतं, हा प्रश्न बरोबरच आहे आणि त्याचं उत्तर 'जवळजवळ कोणीच नाही' असंच आहे. आज पुण्यात नवीन ऑफिस थाटलं तर लोक इंटरनेट लीज्ड लाइन घेतात नाहीतर एमपीएलएस, आणि सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेतूनही २०१६ साली फ्रेम रिले गेलं. तरीपण दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. कोणाच्या कॉलेजच्या लॅबमधे २६०० सिरीजचे जुने राऊटर पडलेत आणि सरांनी प्रॅक्टिकलला तेच दिलंय, कोणी भोसरीच्या एखाद्या जुन्या प्लँटमधे सपोर्टला लागलंय आणि समोर असं कॉन्फिग आलंय ज्यात सिरीयल इंटरफेसला टिंब देऊन पुढे नंबर लिहिलेत आणि लिहिणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलाय.

आणि खरं सांगू का, हे शिकून काही वाया जात नाही. हब आणि स्पोक, मल्टीपॉइंट, ब्रॉडकास्ट जात नाही असं नेटवर्क, ओएसपीएफ या राऊटिंग प्रोटोकॉलचे नेटवर्क टाइप, हे सगळं इथे उघडं दिसतं, आणि पुढे डीएमव्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसं जोडायची सिस्कोची पद्धत) करायला बसलात की तेच सगळं दुसऱ्या नावाने परत भेटतं.

एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, खालून वर जायचं. केबल, क्लॉक (बिटांचा ठेका), एलएमआय (राऊटर आणि स्विचने एकमेकांची खबर घेणं), पीव्हीसी, मॅपिंग (कुठला आयपी कुठल्या पीव्हीसीवर), आणि मग पिंग. नवीन माणूस बरोबर उलटा जातो, आधी पिंग मारतो, मग राऊटिंग उचकतो, मग आयपी बदलतो, आणि दोन तासांनी कळतं की केबल उलटी लावलीय. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावायचा नाही, कितीही घाई असली तरी.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, राऊटरवर अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या. सगळं सिस्को राऊटरच्या आयओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवरचं आहे.

काय काय लागेल

खऱ्या डब्यांवर करणार असाल तर चार राऊटर धरा. तीन आपली तीन ऑफिसं आणि चौथा फ्रेम रिले स्विच म्हणून, म्हणजे प्रोव्हायडरची भूमिका तो करणार. या चौथ्याला किमान तीन सिरीयल पोर्ट हवेत, म्हणजे विक-टू-टी कार्ड दोन टाका.

सिरीयल केबल घेताना बघून घ्या. विक-वन-टी कार्डला मोठा डीबी-६० कनेक्टर असतो आणि विक-टू-टीला छोटा स्मार्ट सिरीयल. दोन्हीच्या केबल वेगळ्या, एकमेकांत बसत नाहीत. एका टोकाला डीटीई (क्लॉक घेणारं) आणि दुसऱ्या टोकाला डीसीई (क्लॉक देणारं) अशी जोडकेबल मिळाली तर उत्तम.

कन्सोलची निळी चपटी केबल, आणि आताच्या लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नसतोच म्हणून यूएसबी टू सिरीयल कन्व्हर्टर. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळून जाईल, फक्त आतली चिप कुठली आहे ते विचारा, कारण प्रोलिफिकच्या नकली चिपवर विंडोजचा नवा ड्रायव्हर चालत नाही आणि मग डिव्हाइस मॅनेजरमधे पिवळं उद्गारचिन्ह घेऊन बसाल. पुटी हे टर्मिनलचं सॉफ्टवेअर टाका, स्पीड ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद.

राऊटर जुन्या बाजारात रविवारी नाहीतर बुधवारी नशिबाने दिसला तर घ्या, पण आत कार्ड कुठली आहेत ते मागच्या बाजूने वाकून बघा. नुसता डबा स्वस्त पडतो आणि मग कार्ड शोधत फिरावं लागतं.

हे सगळं जमवायचं नसेल तर जीएनएस-थ्री वापरा, हे लॅपटॉपवरच राऊटर चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात फ्रेम रिले स्विच तयार मिळतो, फक्त कुठल्या पोर्टचा कुठला नंबर कुठे जायचा एवढं भरायचं. आयओएसची इमेज मात्र तुमची तुम्हाला आणावी लागते. सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरमधे हेच काम क्लाउड नावाच्या डिव्हाइसने होतं.

खऱ्या चालू लाइनवर काम असेल तर प्रोव्हायडरकडून हे लेखी घ्या, फोनवर ऐकून लिहून घेऊ नका:

- प्रत्येक साइटचे डीएलसीआय (पीव्हीसीचा त्या टोकाचा नंबर, पायरी १ मधे येतो) आणि सर्किट आयडी
- एलएमआयचा प्रकार, प्रत्येक साइटचा वेगळा विचारून
- पोर्टचा स्पीड आणि प्रत्येक पीव्हीसीचा सीआयआर (कबूल केलेला वेग)
- बीसी आणि बीई (एका दमात किती बिट पाठवता येतील, आणि त्याच्या वर किती)
- समोरच्या टोकाला सिस्को आहे का दुसऱ्या कंपनीचा राऊटर

पायरी १: आधी कागदावर काढा

हसू नका. फ्रेम रिलेमधल्या निम्म्या चुका कागद न काढल्यामुळे होतात.

आपण असं धरू: हेड ऑफिस शिवाजीनगर, ब्रँच भोसरी आणि चाकण. दोन पीव्हीसी, शिवाजीनगर ते भोसरी आणि शिवाजीनगर ते चाकण. भोसरी ते चाकण थेट काही नाही, ते शिवाजीनगरवरूनच जाणार. याला हब आणि स्पोक म्हणतात, आणि पूर्वी सगळे असंच करायचे कारण प्रत्येक पीव्हीसीचं भाडं वेगळं. दहा साइट एकमेकांना थेट जोडायच्या तर ४५ पीव्हीसी लागतात, एका हबवरून भागवलं तर ९.

आता डीएलसीआय. हा नंबर ऑफिसचा नाही आणि त्या अख्ख्या सर्किटचाही नाही. तो फक्त तुमचा राऊटर आणि त्याच्या शेजारचा स्विच या दोघांमधला आहे. स्वारगेटला कोल्हापूरची गाडी ज्या फलाटाला लागते तो नंबर कोल्हापूर स्टँडवर काही उपयोगाचा नाही, तिथे पुण्याच्या गाडीचा फलाट वेगळा. गाडी तीच, रस्ता तोच, पण दोन्ही टोकांना नंबर आपापले. म्हणून शिवाजीनगरला १०२ असेल आणि त्याच पीव्हीसीला भोसरीत २०१ असेल तर त्यात काही चुकलेलं नाही. दोन्हीकडे एकच नंबर असला तरी चालतं, पण शिकताना मुद्दाम वेगळे ठेवा.

आपला कागद असा:

- शिवाजीनगर ते भोसरी: शिवाजीनगरला १०२, भोसरीला २०१
- शिवाजीनगर ते चाकण: शिवाजीनगरला १०३, चाकणला ३०१

डीएलसीआय दहा बिटांचा असतो म्हणून ० ते १०२३, पण सिस्कोवर आपल्या वापराला १६ ते १००७. शून्य आणि १०२३ यांच्यावरून एलएमआयचं बोलणं चालतं, त्यांना हात लावायचा नाही.

जाता जाता, एसव्हीसी म्हणजे फोनसारखं लागेल तेव्हा जोडलं जाणारं सर्किट, तेही फ्रेम रिलेत आहे पण प्रत्यक्षात सगळा कारभार पीव्हीसीवरच चालायचा. इथे आपण ते सोडून देऊ.

पायरी २: केबल आणि क्लॉक

केबल लावली की लगेच हे मारा:

शो कंट्रोलर्स सिरीयल ०/०

वरच्याच काही ओळींत केबल डीटीई आहे का डीसीई ते येतं. डीसीई टोक ज्या राऊटरला लागलंय त्याने क्लॉक द्यायचा:

क्लॉक रेट ६४०००

लॅबमधे हे टोक स्विचच्या बाजूला ठेवा म्हणजे खऱ्या लाइनसारखं होतं, तिथे क्लॉक मोडेमकडून येतो आणि तुमच्या राऊटरला क्लॉक रेट द्यावाच लागत नाही.

इथे एक मोठा खड्डा आहे. डीसीई हा शब्द दोन ठिकाणी येतो आणि दोन्हीचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. एक केबलचा डीसीई, तो क्लॉक देतो. दुसरा फ्रेम रिलेचा डीसीई, म्हणजे एलएमआयच्या प्रश्नाला उत्तर देणारा स्विच. केबल डीटीई असलेल्या इंटरफेसलाही तुम्ही फ्रेम रिलेचा डीसीई करू शकता, चालतं व्यवस्थित. लोक या दोन गोष्टी एकच समजून तासभर केबल उलटसुलट करत बसतात.

पायरी ३: स्विच तयार करा

खरी लाइन असेल तर ही पायरी प्रोव्हायडरची, सोडून द्या. लॅबमधे चौथ्या राऊटरवर:

फ्रेम-रिले स्विचिंग

ही ओळ ग्लोबल मोडमधे आणि सगळ्यात आधी, नाहीतर पुढची इंटरफेस टाइपची कमांड तो घेत नाही. मग शिवाजीनगरकडे जाणाऱ्या पोर्टवर:

इंटरफेस सिरीयल ०/०
नो आयपी ॲड्रेस
एन्कॅप्सुलेशन फ्रेम-रिले
फ्रेम-रिले इंटफ-टाइप डीसीई
क्लॉक रेट ६४०००
फ्रेम-रिले राऊट १०२ इंटरफेस सिरीयल ०/१ २०१
फ्रेम-रिले राऊट १०३ इंटरफेस सिरीयल ०/२ ३०१
नो शटडाउन

राऊटची ओळ अशी वाचायची: या पोर्टवर १०२ नंबर घेऊन फ्रेम आली तर तिचा नंबर २०१ कर आणि ०/१ वरून बाहेर काढ. पीव्हीसी म्हणजे इतकंच आहे, स्विचमधला एक बदलीचा तक्ता, बाकी जादू नाही काही.

पण हा जायचा रस्ता झाला, यायचा कोण लिहिणार. सिरीयल ०/१ वर भोसरीसाठी २०१ वरून ०/० च्या १०२ ला, आणि ०/२ वर चाकणसाठी ३०१ वरून ०/० च्या १०३ ला, असं उलटंही लिहा, आणि एन्कॅप्सुलेशन, डीसीई, क्लॉक रेट हेही त्या दोन्ही पोर्टवर द्या. परतीचा रस्ता राहिला तर समोरच्या राऊटरला तो नंबर माहीतच होत नाही. झालं की शो फ्रेम-रिले राऊट मारून कागदाशी ताडून बघा. या स्विचला आयपी लागत नाही, देऊही नका.

पायरी ४: राऊटरचा मुख्य इंटरफेस आणि एलएमआय

आता शिवाजीनगरच्या राऊटरवर:

इंटरफेस सिरीयल ०/०
नो आयपी ॲड्रेस
एन्कॅप्सुलेशन फ्रेम-रिले
नो शटडाउन

एवढंच करून थांबा. आयपी नाही, मॅप नाही. शो इंटरफेसेस सिरीयल ०/० मारा. सिरीयल अप आणि लाइन प्रोटोकॉल अप दिसलं तर पुढे चला. सिरीयलच डाउन असेल तर मागे पायरी २ वर जा. सिरीयल अप पण प्रोटोकॉल डाउन, हे सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एलएमआय.

एलएमआय म्हणजे राऊटर आणि स्विच दर दहा सेकंदांनी एकमेकांची खबर घेतात ते. राऊटर विचारतो आहेस का, स्विच म्हणतो आहे. दर सहाव्या वेळी राऊटर सगळ्या पीव्हीसींची यादी मागतो. याचे तीन प्रकार आहेत: सिस्को, आन्सी आणि क्यू ९३३ ए. सिस्कोवाला १९९० साली सिस्को, डिजिटल, स्ट्रॅटाकॉम आणि नॉर्दर्न टेलिकॉम या चार कंपन्यांनी मिळून काढला, बाकीचे दोन स्टँडर्ड संस्थांचे. आयओएस ११.२ पासून राऊटर स्वतःच तिन्ही प्रकारांत विचारून बघतो आणि ज्याला उत्तर येईल तो पकडतो, म्हणून नव्या आयओएसवर हे सांगायला लागत नाही. जीएनएस-थ्रीच्या स्विचला जोडलं की आन्सी दिसेल, घाबरू नका, बरोबर आहे ते.

पण ही ओळख फक्त डीटीई बाजूला होते. लॅबमधे स्विच बनवलेल्या राऊटरवर तुम्ही आन्सी लिहिलं आणि इकडे हाताने सिस्को टाकून ठेवलं तर जमणार नाही. कोणी आधी हाताने काही टाकलंय का ते शो रनमधे बघा आणि नो फ्रेम-रिले एलएमआय-टाइप करून राऊटरला त्याचं त्याला शोधू द्या.

कसं बघायचं ते जरा जवळून सांगतो, कारण इथे एकदा नजर बसली की निम्मं काम झालं. शो फ्रेम-रिले एलएमआय मारा. त्यात दोन आकडे असतात, किती स्टेटस विचारले आणि किती उत्तरं आली. दहा-वीस सेकंद थांबून परत मारा. विचारलेले वाढतायत आणि आलेले तिथेच, म्हणजे तुमचा राऊटर बोंबलतोय आणि पलीकडून कोणी ऐकत नाहीये. अजून खोलात जायचं तर:

डीबग फ्रेम-रिले एलएमआय

यात मायसीक आणि युअरसीन असे दोन नंबर सरकताना दिसतात. दोन्ही जोडीने पुढे गेले पाहिजेत. मायसीक पळतोय आणि युअरसीन जागेवर बसलाय तर स्विचकडून काहीच येत नाहीये. सहाव्या फेरीला पीव्हीसीची यादी येते, त्यात प्रत्येक डीएलसीआयपुढे स्टेटस असतं: ०एक्स२ म्हणजे ॲक्टिव्ह, ०एक्स० म्हणजे स्विचला माहीत आहे पण चालू नाही, ०एक्स४ म्हणजे डिलीटेड. टेलनेटने आत असाल तर टर्मिनल मॉनिटर द्या, नाहीतर काहीच दिसणार नाही आणि तुम्ही म्हणाल डीबग चालत नाही. बघून झालं की अनडीबग ऑल, चालू राऊटरवर डीबग सोडून चहाला जायचं नाही.

अजून एक, एलएमआय दोन्ही टोकांना सारखा असायची गरज नाही. भोसरीला आन्सी आणि शिवाजीनगरला सिस्को, बिनधास्त चालतं, कारण ते ज्याच्या त्याच्या स्विचशी बोलणं आहे. एन्कॅप्सुलेशन (डेटावर चढवलेलं वेष्टण) मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच हवं. समोर दुसऱ्या कंपनीचा राऊटर असेल तर सिस्कोचं स्वतःचं एन्कॅप्सुलेशन त्याला कळत नाही, तेव्हा एन्कॅप्सुलेशन फ्रेम-रिले आयईटीएफ असं द्या. हे चुकलं की फार फसगत होते, कारण एलएमआय मस्त, पीव्हीसी ॲक्टिव्ह, सगळं हिरवंगार, आणि डेटा मात्र जात नाही.

पायरी ५: पीव्हीसीची अवस्था वाचा

शो फ्रेम-रिले पीव्हीसी

इथे जे लिहून येतं त्यावरून भांडण कोणाशी करायचं ते ठरतं.

ॲक्टिव्ह: दोन्ही टोकं ठीक, पुढे चला.

इनॲक्टिव्ह: तुमचा राऊटर आणि तुमचा स्विच यांचं ठीक आहे, पलीकडे गडबड आहे. भोसरीच्या माणसाला फोन करा, त्याचा राऊटर चालू आहे का विचारा. तुमच्या बाजूचं कॉन्फिग उचकू नका, तिथे काही सापडणार नाही.

डिलीटेड: तुम्ही जो नंबर लिहिलाय तो स्विचला माहीतच नाही. एकतर तुमचा टायपो, एकतर दोन साइटचे नंबर अदलाबदल झालेत, नाहीतर प्रोव्हायडरने अजून केलेलंच नाही. नव्या लाइनला हे तिसरं कारण फार निघतं, पण फोन लावायच्या आधी पहिली दोन तपासा म्हणजे तोंडावर पडायला होत नाही.

स्टॅटिक: कोणीतरी नो कीपअलाइव्ह देऊन एलएमआय बंद करून ठेवलाय. दोन राऊटर स्विचशिवाय थेट जोडताना असं करतात. खऱ्या लाइनवर दिसलं तर काढून टाका.

पायरी ६: पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस

नवीन असाल तर हाच मार्ग धरा, कोणी काहीही सांगो. प्रत्येक पीव्हीसीला वेगळा सबइंटरफेस (एकाच पोर्टचा कॉन्फिगमधे केलेला कप्पा), प्रत्येकाला वेगळं छोटं सबनेट. शिवाजीनगरला:

इंटरफेस सिरीयल ०/०.१०२ पॉइंट-टू-पॉइंट
आयपी ॲड्रेस १०.१०.१.१ २५५.२५५.२५५.२५२
फ्रेम-रिले इंटरफेस-डीएलसीआय १०२

आणि चाकणसाठी ०/०.१०३, आयपी १०.१०.२.१, डीएलसीआय १०३. भोसरीला ०/०.२०१ वर १०.१०.१.२, चाकणला ०/०.३०१ वर १०.१०.२.२. टिंबानंतरचा नंबर डीएलसीआयसारखाच ठेवायची सक्ती नाही, पण ठेवा, पुढच्या माणसाचे आशीर्वाद मिळतील.

इथे मॅपिंग लागत नाही. त्या सबइंटरफेसवर एकच पीव्हीसी, त्यामुळे जे काही पाठवायचं ते तिकडेच जाणार, राऊटरला विचार करायचं कारण नाही.

दोन गोष्टी सांभाळा. मुख्य इंटरफेसवर जुना आयपी राहिला असेल तर आधी काढा. आणि सबइंटरफेस चुकून मल्टीपॉइंट म्हणून बनवला तर नंतर त्याचा प्रकार बदलता येत नाही, राऊटर नाही म्हणतो, आणि पुसून टाकला तरी रीलोड होईपर्यंत त्याची आठवण ठेवतो. चालू ऑफिसमधे रीलोड करायला मिळत नाही, तर सरळ वेगळा नंबर घेऊन नवीन बनवा.

पायरी ७: मल्टीपॉइंट आणि मॅप, खरी डोकेदुखी

जुन्या कॉन्फिगमधे एकाच सबनेटमधे सगळ्या ब्रँच बसवलेल्या दिसतील. आयपी वाचायचे, सबनेट वाचायचे, म्हणून लोक असं करायचे. मग राऊटरला प्रश्न पडतो की १०.१०.९.२ ला पाठवायचं तर १०२ वरून का १०३ वरून. हे सांगायला मॅप.

एक सोय आपोआप असते, इन्व्हर्स एआरपी. पीव्हीसी ॲक्टिव्ह झालं की राऊटर पलीकडच्याला विचारतो तुझा आयपी काय आणि स्वतःच तक्ता भरतो. शो फ्रेम-रिले मॅपमधे त्यापुढे डायनॅमिक लिहिलेलं असतं. हबला हे छान चालतं कारण त्याचं प्रत्येक स्पोकशी थेट पीव्हीसी आहे. पण भोसरी आणि चाकण यांच्यात थेट पीव्हीसीच नाही, तर भोसरीला चाकणचा आयपी आपोआप कधीच कळणार नाही. दोघेही शिवाजीनगरला पिंग करतात, एकमेकांना नाही, आणि दोघंही एकाच सबनेटमधे, म्हणून राऊटिंगकडेही कोणाचं लक्ष जात नाही. हे दिसलं की ओळखायचं, स्पोकवर मॅप नाहीये.

भोसरीच्या राऊटरवर, शिवाजीनगर १०.१०.९.१ आणि चाकण १०.१०.९.३ धरून:

फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१०.९.१ २०१ ब्रॉडकास्ट
फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१०.९.३ २०१

दोन्ही ओळींत २०१ आहे ते बरोबर आहे, कारण भोसरीतून बाहेर पडायला दारच एक आहे. मॅपमधे नंबर नेहमी आपल्याकडचा लिहायचा, समोरचा नाही. पायरी १ चा कागद हातात असेल तर ही चूक होत नाही. ब्रॉडकास्ट हा शब्द एका डीएलसीआयला एकदाच, नाहीतर तीच अपडेट दोनदा जाते. आणि अजिबातच विसरलात तर पिंग चालेल पण राऊटिंग प्रोटोकॉल मुका बसेल.

एकदा हाताने मॅप लिहिला की त्या प्रोटोकॉलसाठी त्या डीएलसीआयवर इन्व्हर्स एआरपी बंद होतं, म्हणजे अर्धं हाताने अर्धं आपोआप असा प्रकार करू नका. आधीच्या प्रयोगातले जुने डायनॅमिक मॅप चिकटून राहतात, क्लिअर फ्रेम-रिले इनआर्पने जातात. ०.०.०.० ला मॅप झालेलं दिसलं तर मात्र सेव्ह करून सरळ रीलोड करा, वेळ घालवू नका.

मल्टीपॉइंटवर स्वतःच्याच आयपीला पिंग केलं तर फेल होतं, त्यात बिघाड काही नाही. स्वतःच्या आयपीलाही मॅप लागतो म्हणून तसं होतं. पुष्कळ जण इथे उगाच इंटरफेस खराब समजतात.

पायरी ८: राऊटिंग

पॉइंट-टू-पॉइंटने गेलात तर इथे फारसं काही नाही, नेहमीसारखं करा. मल्टीपॉइंट असेल तर दोन जागा बघा.

ईआयजीआरपी नाहीतर आरआयपी असेल तर स्प्लिट होरायझन. भोसरीकडून आलेला रूट हब त्याच सबइंटरफेसवरून चाकणला परत सांगणार नाही. हबच्या मल्टीपॉइंटवर ते बंद करावं लागतं, आणि ईआयजीआरपीला त्याची वेगळी कमांड आहे, ज्यात ऑटोनॉमस सिस्टिमचा नंबर येतो.

ओएसपीएफ असेल तर मल्टीपॉइंटवर नेटवर्क टाइप नॉन-ब्रॉडकास्ट असतो, हॅलो ३० सेकंदांचा आणि शेजारी हाताने लिहावे लागतात, शिवाय डीआर (सगळ्यांच्या वतीने माहिती वाटणारा राऊटर) हबच व्हायला हवा म्हणून स्पोकची प्रायॉरिटी शून्य. पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेसवर हॅलो १० चा. आता हबला मल्टीपॉइंट आणि स्पोकला पॉइंट-टू-पॉइंट असं असेल, आणि जुन्या कॉन्फिगमधे हे हमखास असतं, तर टायमर जुळत नाहीत आणि शेजारी होतच नाहीत. दोन्हीकडे आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-मल्टीपॉइंट द्या, डीआरची कटकट पण जाते.

पायरी ९: सीआयआर आणि शेपिंग

सीआयआर म्हणजे प्रोव्हायडरने कबूल केलेला वेग. पोर्ट १२८ केबीपीएसचा आणि सीआयआर ६४ असेल तर वरचं जाईल तोवर जाईल, पण त्या फ्रेमवर डीई बिट (आधी फेकायला हरकत नाही अशी खूण) लागतो आणि गर्दी झाली की त्या आधी फेकतात. फेकलेली फ्रेम फ्रेम रिले परत पाठवत नाही, ते काम वरच्या टीसीपीचं. गर्दीची खबर पुढच्याला फेकन आणि पाठवणाऱ्याला बेकन या बिटांनी मिळते, दोन्ही शो फ्रेम-रिले पीव्हीसीमधे मोजलेले असतात. बेकनचा आकडा सारखा वाढत असेल तर तुम्ही जास्त ढकलताय.

शेपिंग म्हणजे आपणच आपल्या वेगाला लगाम घालणं. त्याचं गणित सोपं आहे, बीसी भागिले सीआयआर म्हणजे टीसी, म्हणजे एका दमाचा वेळ. बीसी ८००० आणि सीआयआर ६४००० तर १२५ मिलिसेकंद. मॅप-क्लास बनवून त्यात हे लिहायचं, तो क्लास पीव्हीसीला लावायचा, आणि मुख्य इंटरफेसवर फ्रेम-रिले ट्रॅफिक-शेपिंग.

ही शेवटची ओळ टाकताना सावध. ती टाकल्या टाकल्या त्या इंटरफेसवरच्या सगळ्या पीव्हीसींना शेपिंग लागतं, आणि ज्यांना तुम्ही क्लास दिला नाही त्यांना राऊटर स्वतःहून ५६००० चा सीआयआर धरतो. म्हणजे भोसरीचं नीट करायला गेलात आणि चाकणची चांगली चाललेली लाइन रांगायला लागली. आधी सगळ्या पीव्हीसींना क्लास, मग शेपिंग चालू.

पायरी १०: पिंग, आणि नाही झालं तर

आता पिंग. झालं तर राइट मेमरी (म्हणजे सेव्ह) लगेच, विशेषतः गुरुवार असेल तर, कारण पुण्यात लाइटच्या दुरुस्तीची कामं गुरुवारीच निघतात आणि जुन्या लॅबला यूपीएस नावालाच असतो.

नाही झालं आणि पीव्हीसी ॲक्टिव्ह आहे, तर शो फ्रेम-रिले पीव्हीसी १०२ मारून इनपुट आणि आउटपुट पॅकेटचे आकडे बघा. परत पिंग करा, परत बघा. आउटपुट वाढला आणि इनपुट नाही, म्हणजे तुमच्याकडून जातंय, पलीकडून परत येत नाहीये, तर पलीकडचा मॅप आणि एन्कॅप्सुलेशन तपासायला सांगा. आउटपुटच वाढत नसेल तर चूक तुमच्याकडेच, मॅप नाहीतर सबनेट मास्क. दोन्ही वाढतायत आणि तरी पिंग नाही, तर ॲक्सेस लिस्ट बघा.

प्रोव्हायडरला फोन करायची वेळ आली तर 'लाइन चालत नाही' असं म्हणू नका, त्याने तुम्हाला राऊटर बंद-चालू करायला सांगून फोन ठेवलाच म्हणून समजा. सर्किट आयडी, डीएलसीआय, पीव्हीसी इनॲक्टिव्ह आहे का डिलीटेड, कधीपासून आहे ही वेळ, ती त्याच आउटपुटमधे शेवटी लिहिलेली असते, आणि एलएमआयचे विचारलेले-आलेले आकडे, एवढं एका दमात सांगा, आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.